लुआंग प्रबांगचा पावी वॉक : एका फ्रेंच वकिलाच्या मागावर अर्धा दिवस

जानेवारीत आम्ही लाओसला जाऊन आलो, मी, नवरा आणि माझे बाबा. लुआंग प्रबांगमध्ये चार दिवस होतो आणि त्यातला अर्धा दिवस आम्ही एका छोट्या वॉकिंग टूरला दिला, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. टूर चालवणारे घरगुती लोक आहेत, बोर्ड नाही की ऑफिस नाही, गेस्टहाऊसवाल्या ताईंनी नंबर दिला आणि मेसेजवर बुकिंग झालं, त्यामुळे नाव टाकत नाही, पण तिकडे गेलात तर "पावी वॉक" म्हणून विचारा, गेस्टहाऊसवाल्यांना माहीत असतं. माणशी 6 लाख किप घेतले. आकडा ऐकून दचकू नका, किपमध्ये सगळंच लाखात असतं. त्यात व्हॅन, पाणी, देवळांची तिकिटं सगळं आलं. सकाळी साडेसातला सुरुवात आणि दीडच्या सुमारास परत, आम्ही पाच जण होतो, आम्ही तिघं आणि एक वयस्कर फ्रेंच जोडपं.

आता हा पावी कोण? ओग्युस्त पावी, फ्रान्सचा वकील. कोर्टातला नाही, आपल्या पेशवाईतल्या कागदांत "निजामाकडील वकील" असं येतं ना, त्या अर्थानं वकील. 1847 साली ब्रिटनी प्रांतातल्या दिनान गावी जन्म, सतराव्या वर्षी सैन्यात, मग नौदलाच्या पायदळातून कोचिनचायना म्हणजे आताच्या व्हिएतनामचा दक्षिण भाग, आणि तिथे पुढे पोस्ट आणि तारखात्यात नोकरी. नकाशावर आज लाओस नावाचा जो देश दिसतो त्याची पश्चिमेची हद्द बऱ्याच ठिकाणी मेकाँग नदीच्या काठाने जाते, ती तशी का जाते याचं निम्मं उत्तर या तारमास्तरात आहे.

तारखातं हा शब्द ऐकला आणि बाबांनी खुर्ची पुढे ओढली. बाबांनी 34 वर्षं तारखात्यात काढलीत. 2013 च्या जुलैत आपल्याकडची तार कायमची बंद झाली त्या दिवशी ते जेवले नव्हते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहिती आहे. म्हणून खरं तर ही टूर मी त्यांच्यासाठीच घेतली. देवळं बघून त्यांचे पाय दुखतात आणि नाइट मार्केटमध्ये त्यांना रस नाही.

सुरुवात वाट विसुन पासून झाली. जानेवारीतल्या सकाळी तिथे धुकं असतं आणि चांगली थंडी असते हे मला माहीत नव्हतं, शाल हॉटेलवरच राहिली होती. गाइड पन्नाशीच्या पुढचे, बारीक, अंगात साधं स्वेटर आणि खांद्याला कापडी पिशवी. लहानपणी काही वर्षं देवळात नवशिके भिक्खू होते, इंग्रजी तिथेच शिकले आणि फ्रेंच नंतर स्वतःच्या हिमतीवर. बोलायची घाई अजिबात नाही. पहिली दहा मिनिटं त्यांनी पावीचं नावच घेतलं नाही, आम्हाला देवळाच्या खिडक्यांसमोर उभं केलं. विटा आणि गिलाव्याच्या भिंती, आणि त्यात लाकडाचे कातीव गज. मग पिशवीतून एक चित्राची प्रिंट काढली. 1860 च्या दशकात मेकाँगवर आलेल्या फ्रेंच मोहिमेतल्या लुई दलापोर्त नावाच्या चित्रकारानं काढलेलं हेच देऊळ, पण चित्रात अख्खं लाकडाचं, जमिनीकडे निमुळतं होत गेलेल्या भिंतींचं, एखाद्या उलट्या पेटाऱ्यासारखं. म्हणाले, नीट बघा, चित्रातलं देऊळ 1513 चं होतं, समोरचं 1898 चं आहे. मधे काय झालं ते आज बघायचंय.

माझ्या मते गाइड म्हणून हे असं असायला पाहिजे. सनावळीनं सुरुवात केली असती तर माझा नवरा पाचव्या मिनिटाला फोन काढून बसला असता. एक चित्र आणि एक इमारत समोरासमोर ठेवली आणि दोन्हीतला फरक आम्हालाच शोधायला लावला, बस. नवरा तर एकेक गज मोजत होता.

मधे काय झालं ते असं. त्या काळी लुआंग प्रबांगचं राज्य सयामच्या म्हणजे आताच्या थायलंडच्या छत्राखाली होतं, राजाचं नाव उन खाम, सत्तरी उलटलेला म्हातारा माणूस. फ्रेंचांनी टॉन्किन म्हणजे उत्तर व्हिएतनाम घेतलेलं, आणि टॉन्किन अन् मेकाँग यांच्या मधल्या डोंगराळ मुलखावर दोघांचाही डोळा. फ्रान्सनं सयामकडून लुआंग प्रबांगला वकिलात उघडायची परवानगी मिळवली आणि पावीला व्हाइस कॉन्सल नेमलं. तो फेब्रुवारी 1887 मध्ये इथे पोचला. त्याच सुमारास सयामी सेनापती वरच्या डोंगरातली मोहीम आटोपून बँकॉकला परत गेला, आणि जाताना लाय चाऊ या डोंगराळ भागातल्या ताई जमातीच्या सरदाराच्या घरातली मुलं ओलीस म्हणून घेऊन गेला. त्या घरातला थोरला, देओ वान त्री, भावांच्या सुटकेसाठी आणि सूड घ्यायला माणसं घेऊन खाली उतरला. जून 1887. शहराला वाली नव्हता, सयामी फौज निघून गेलेली. शहर लुटलं आणि जाळलं. वाट विसुन त्यात गेलं.

हे सगळं गाइड त्या खिडकीसमोर उभं राहूनच सांगतात, आणि मग म्हणतात चला, आता जे वाचलं ते बघू.

वाट शिएंग थाँग बद्दल मी फार लिहीत नाही, लुआंग प्रबांगला गेलेला प्रत्येक जण तिथे जातोच, 1560 च्या आसपासचं देऊळ, जमिनीला टेकतील की काय अशी उतरती छपरं आणि मागच्या भिंतीवर काचेच्या तुकड्यांचं ते झाड. पण टूरमध्ये तिथे जे कळलं ते कुठल्या फलकावर मला दिसलं नाही. हे देऊळ वाचलं कारण देओ वान त्री लहानपणी याच देवळात नवशिका म्हणून राहिलेला होता, असं सांगतात. शहर जाळणाऱ्यानं आपली शाळा तेवढी सोडली. गाइड स्वतः देवळात वाढलेले, त्यामुळे ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज थोडा बदलतो, आणि देओ वान त्रीला ते कुठेही डाकू वगैरे म्हणत नाहीत. त्याचे भाऊ पळवले होते हो, असं दोनदा म्हणाले.

तिथून मागच्या पायऱ्या उतरून मेकाँगच्या काठावर. या टूरचा सगळ्यात चांगला भाग हा. पायरीवर बसवलं, थर्मासमधून चहा दिला, आणि केओची गोष्ट सांगितली.

पावीबरोबर जी माणसं होती त्यातली बरीचशी कंबोडियन. पावी आधी कंबोडियात कांपोट नावाच्या समुद्रकाठच्या लहानशा गावात तारेच्या ठाण्यावर होता, 1876 पासून, आणि तिथे गोऱ्या लोकांची संगत जवळपास नसल्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, तो गावात मिसळला, ख्मेर शिकला, भिक्खूंच्या पायाशी बसून गोष्टी ऐकल्या. मोठी हॅट, लांब दाढी आणि पाय अनवाणी, अशी त्याची ख्याती. मग कोचिनचायनाचे गव्हर्नर ल मिर द व्हिलेर यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं आणि नॉम पेन ते बँकॉक तारेची लाइन टाकायचं काम त्याला मिळालं, ते 1883 ला पुरं झालं. त्याच दरम्यान त्याच्याभोवती ही कंबोडियन पोरं जमली, 1885 मध्ये तर तो त्यातल्या काहींना पॅरिसला शिकायला घेऊन गेला, आणि त्यांच्यासाठी जी शाळा निघाली तीच पुढे फ्रान्सची वसाहतींचे अधिकारी तयार करणारी मोठी संस्था झाली. ज्यांच्यासाठी शाळा काढली त्यांच्यावर राज्य करणारे त्याच शाळेत तयार व्हायला लागले, हे ऐकून मी जरा वेळ गप्पच बसले.

तर केओ. शहर पेटलेलं, राजवाड्यात म्हातारा राजा, आणि त्याला बाहेर काढून नदीवर होडीपर्यंत आणणारा माणूस म्हणजे पावीचा हा कंबोडियन साथीदार केओ. होड्या प्रवाहाबरोबर खाली निघाल्या, पाकलायच्या दिशेनं. पुढची गोष्ट अशी की या जीवदानामुळे राजा फ्रान्सकडे झुकला, सयामला आमचं रक्षण करता आलं नाही, आता आम्ही स्वतःला फ्रान्सच्या हवाली करतो, अशा अर्थाचं तो बोलला. गाइडनी इथे थांबून सांगितलं की हे राजाचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलंय ते पावीच्याच लिखाणातून. बाकी काही जोडलं नाही. नदीकडे हात करून म्हणाले, होडी इथूनच कुठूनतरी निघाली असणार.

मी विचारलं, केओचं काही आहे का शहरात, पाटी, नाव, काही? म्हणाले, टूरमध्ये दाखवता येईल असं माझ्याकडे काही नाही, म्हणून मी त्याची गोष्ट पाण्याजवळ सांगतो. मला हे फार लागलं. ज्यानं प्रत्यक्ष आगीत हात घातला त्याच्यासाठी फक्त थर्मासचा चहा आणि पंधरा मिनिटं. पण ती पंधरा मिनिटं हे गृहस्थ रोज देतात.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या पण सांगते, कारण चांगलं चांगलं तेवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याचा काय फायदा.

पहिलं म्हणजे नकाशे. लॅमिनेट केलेल्या ए-फोर साइजच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स, त्यावर नद्या आणि हद्दी सगळ्या एकाच काळ्या रेषेत. पावीची अर्धी कारकीर्द नकाशांतच आहे, त्याच्या मोहिमांमध्ये 1879 ते 1895 या काळात मिळून चाळीसच्या आसपास लोकांनी काम केलं, आजचा लाओस आणि आजूबाजूचा प्रचंड मुलूख पायी, हत्तीवरून, होडीतून मोजला, आणि ते सगळं "मिशन पावी" नावाच्या जाडजूड खंडांमध्ये छापलं गेलं. अशा माणसाच्या टूरमध्ये नकाशा वाचता येऊ नये हे बरं नाही. रंगीत मोठी प्रिंट काढा, घडी घालून पिशवीत ठेवा, एवढंच सांगणं आहे. मी त्यांना तिथेही सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दुसरं, बान फानोम. हे विणकरांचं गाव, शहराच्या बाहेर, पुढच्या ठिकाणाच्या वाटेवर. गाव बघायला माझी काहीच हरकत नव्हती, हातमागावरचं काम सुंदर आहे, मी एक ओढणी घेतलीसुद्धा. पण बुकिंग करताना सांगितलेलं वीस मिनिटं आणि आम्ही एका दुकानात पाऊण तास. ड्रायव्हर कुठेतरी गेलेला. त्या पाऊण तासामुळे पुढचं सगळं घाईत झालं आणि त्याचा फटका नेमका सगळ्यात महत्त्वाच्या भागाला बसला.

तो भाग म्हणजे 1893. पावीच्या कारकिर्दीतलं हेच वर्ष असं आहे की त्यावर त्याचं मोठेपण तोलायला पाहिजे, आणि ते आम्ही ऐकलं चालत्या व्हॅनमध्ये, खडखड रस्त्यावर, गाइड पुढे ड्रायव्हरशेजारी बसून मान मागे वळवून सांगतायत आणि मागच्या सीटवर बाबांना अर्धं ऐकूच येत नाहीये. मी मधल्या सीटवरून मराठीत पोचवत होते. थोडक्यात सांगायचं तर पावी 1892 मध्ये बँकॉकला फ्रान्सचा मिनिस्टर रेसिडेंट, म्हणजे सयामच्या दरबारातला फ्रान्सचा मुख्य वकील झाला. मेकाँगच्या डाव्या काठावर फ्रेंच आणि सयामी तुकड्यांच्या चकमकी सुरू झाल्या, एक फ्रेंच अधिकारी मारला गेला. 13 जुलै 1893 ला फ्रान्सच्या दोन गनबोटी, अँकाँस्ताँ आणि कोमेत, चाओ फ्राया नदीच्या तोंडाशी पाकनामच्या किल्ल्यावरून गोळागोळी करत आत घुसल्या आणि बँकॉकला वकिलातीसमोर नांगर टाकून उभ्या राहिल्या. आठवड्याभरात पावीनं सयामला निर्वाणीचा खलिता दिला, मेकाँगचा डावा काठ सोडा आणि भरपाई द्या. सयाम आधी पूर्ण कबूल होईना, मग समुद्राकडून नाकेबंदी, मग जुलै संपता संपता सगळं कबूल. 3 ऑक्टोबर 1893 ला तह झाला, सही मात्र पावीची नाही, ल मिर द व्हिलेर यांची, तेच ज्यांनी एकेकाळी कांपोटच्या तारमास्तराला वर उचललं होतं.

आणि इथे बाबा मधेच बोलले. झालं असं की पॅरिसनं आधी शब्द दिला होता की बोटी नदीच्या तोंडावरच थांबतील, तशा सूचनाही निघाल्या होत्या, तरी बोटी आत गेल्या. नक्की कुणी काय केलं यावर आजही वाद आहे. बाबा म्हणाले, "तार पोचली असणार. तार पोचते. पोचलेली तार वाचायची कधी हे माणूस ठरवतो." गाइडना मी हे इंग्रजीत सांगितलं तर ते पूर्ण मागे वळले आणि बाबांना विचारलं तुम्ही कुठे काम करायचात. मग उरलेला रस्ता ते दोघंच बोलत होते आणि मी दुभाषी.

तो विषय निघालाच आहे तर एक मनातलं लिहिते. आपल्याकडे पुण्याच्या दरबारात एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून 1811 पासून होता, इथली भाषा, इथली माणसं, इथली घराणी त्याला पाठ होती, इथल्या लोकांबद्दल त्याला आस्था नव्हती असंही कोणी म्हणणार नाही, आणि 1818 मध्ये पेशवाई संपली तेव्हा सूत्रं त्याच्याच हातात होती. पावीबद्दल ऐकताना मला सारखी ही आठवण येत होती. अनवाणी चालणारा, गोष्टी जमवणारा, कंबोडिया, लाओस आणि सयामच्या लोककथा छापून ठेवणारा, हे सगळं खरं आहे. त्याच माणसानं बँकॉकमध्ये गनबोटींच्या सावलीत खलिता दिला हेही खरं आहे. त्याच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव "हृदयं जिंकायला" अशा अर्थाचं आहे, 1921 मध्ये आलं. हृदयं जिंकली असतील, मी नाही म्हणत नाही, पण लुआंग प्रबांगच्या राजाला सयाम सोडून फ्रान्स घ्यायचा की दोन्ही सोडायचे हे कुणी विचारलेलं नव्हतं. शिवाय नदीच्या दोन्ही काठांना लाओ लोकच राहत होते. हद्द नदीवर आल्यामुळे एक काठ फ्रान्सकडे आणि एक सयामकडे, आणि आज लाओ बोलीवाले लोक लाओसपेक्षा थायलंडमध्ये जास्त आहेत. गाइडची आजी पलीकडच्या काठावरची. हे त्यांनी टूरचा भाग म्हणून सांगितलं नाही, बाबांनी घरचं विचारलं म्हणून निघालं.

शेवटचं ठिकाण, ज्याच्यासाठी एवढ्या लांब येतात, ते म्हणजे आँरी मुओची समाधी. शहरापासून साधारण दहा किलोमीटर, नाम खान नदीच्या काठी झाडीत. रस्त्यावरून खाली उतार आहे, ओलसर पानांवरून पाय घसरतो, बाबांना मी आणि नवऱ्यानं दोन्ही बाजूंनी धरून नेलं. वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर चांगले ग्रिपचे बूट आणि काठी हवीच. टूरवाले काठी देत नाहीत, द्यायला हवी.

मुओ हा फ्रेंच निसर्ग अभ्यासक, 1860 मध्ये कंबोडियातली अंकोरची जुनी देवळं बघून त्यानं जे लिहिलं त्यामुळे युरोपात अंकोरचं नाव झालं. नोव्हेंबर 1861 मध्ये तो इथे तापानं गेला, वय 35. झाडांच्या मधे पांढरी, साधी, लांबट समाधी. खाली नदी, पाणी कमी असल्यामुळे दगडांवरून जाण्याचा आवाज. बाकी काही नाही, आमच्याशिवाय माणूसही नव्हता. ग्रुपमधल्या फ्रेंच आजींनी चष्मा लावून पाटी मोठ्यानं वाचली, गाइडनी इंग्रजीत सांगितली, मी मराठीत: दुदार द लाग्रेनं (सकाळच्या चित्रातल्या त्या मेकाँग मोहिमेचा प्रमुख) ही समाधी 1867 साली उभारली, पावीनं 1887 साली पुन्हा बांधली. शेजारी दुसरी पाटी, मुओच्या जन्मगावची, माँबेलियारची, 1990 ची.

बाबांनी 1887 वर बोट ठेवलं. म्हणाले, हे तेच साल ना?

तेच. सकाळी खिडकीसमोर उभं राहून जे साल ऐकलं तेच. ज्या वर्षी शहर जळालं त्याच वर्षी एका परक्या देशाचा वकील, परवानगी आणि मोजकी माणसं एवढंच हाताशी असलेला, आपल्या देशाच्या एका माणसाची समाधी दुरुस्त करत होता. गाइडनी आम्हाला विचारलं, का केलं असेल? फ्रेंच आजोबा म्हणाले, आदर म्हणून. आजी म्हणाल्या, एकटा असेल बिचारा. नवरा म्हणाला, कर्तव्य. मला वाटतं तिन्ही असेल, पण मला त्या दगडात वकिलीच दिसली. कबर म्हणजे आमचा माणूस इथे आहे, आम्ही आज आलेलो नाही, असं सांगणारा कागदच की, फक्त दगडाचा. पाटीवर स्वतःचं नाव आणि साल आहे, आणि ते नाव वाचायला 130 वर्षांनंतर आम्ही घसरत घसरत खाली उतरलो होतो. केओचं नाव मात्र आम्ही पायरीवर बसून ऐकलं.

या एका ठिकाणासाठी मी टूरला पूर्ण मार्क देते. नुसतं गुगल मॅप लावून इथे आलात तर झाडीतली एक पांढरी समाधी दिसेल, दोन फोटो काढून निघाल. वाट विसुनच्या खिडकीपासून सुरू करून इथे आलात तर 1887 हा आकडा बघून अंगावर काटा येतो. टूरचा क्रम फार विचार करून लावलेला आहे, आणि तो लावणाऱ्या माणसाला आपल्या शहराची मनापासून काळजी आहे हे सतत जाणवतं.

पावीचं शेवटचं थोडंसं परतीच्या वाटेवर झालं, तेही घाईत. 1894 मध्ये तो लाओसचा कमिशनर जनरल, पुढच्या वर्षी इंग्रजांबरोबर वरच्या मेकाँगच्या हद्दीची बोलणी, 1895 मध्ये फ्रान्सला कायमचा परत, मग वीसएक वर्षं खंड छापण्यात, आणि 1925 मध्ये ब्रिटनीतल्या थुरी गावी मृत्यू. लाय चाऊहून दिएन बिएन फूकडे जाणाऱ्या डोंगरी पायवाटेला त्याचं नाव होतं, पिस्त पावी, आणि 1954 मध्ये फ्रेंच साम्राज्याचा या भागातला शेवट जिथे झाला ते दिएन बिएन फू त्याच वाटेवर. हे फक्त दोन वाक्यांत उरकलं. इथे दहा मिनिटं तरी द्यायला हवी होती, विणकरांच्या दुकानातली दहा मिनिटं कापून.

जेवण टूरमध्ये नाही, दीड वाजता जिथून उचललं तिथेच सोडतात. मधे केळी आणि चिकट भाताचे बांबूतले तुकडे दिले, ते छान होते. जोरात चालावं लागत नाही. लहान मुलांना मात्र कंटाळा येईल, कारण बरंच ऐकायचं आहे. इंग्रजी सोपं आणि सावकाश, बाबांनाही समोर बसल्यावर सत्तर टक्के कळत होतं. व्हॅनमध्ये मधली किंवा पुढची सीट धरा, मागे बसलात तर 1893 हातचं जाईल. आणि जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, पावसात तो उतार उतरणं मला तरी जमलं नसतं. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापलाय तो दुकानातल्या वेळेचा आणि नकाशांचा.

निघताना बाबांनी गाइडना एक प्रश्न विचारला, नॉम पेन ते बँकॉक लाइन टाकली तेव्हा जंगलात खांब कसले वापरले होते, सागाचे की उभ्या झाडांनाच तार बांधली, आणि चिनीमातीचे इन्सुलेटर कुठून आणले. गाइडना माहीत नव्हतं. त्यांनी तसं सरळ सांगितलं, वहीत प्रश्न लिहिला, बाबांना स्पेलिंग विचारून इन्सुलेटर शब्द लिहिला आणि माझा नंबर घेतला. मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला, अजून शोधतोय, बाबांना सांगा. बाबांनी लगेच मला तीन ओळींचं उत्तर टाइप करायला लावलं, त्यात आणखी दोन प्रश्न होते.